साहेबाच्या खणातले कारण

मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळ पळस्प्याला सुरू होतो, पेण, वडखळ, नागोठणे मागे टाकतो आणि कुंडलिकेच्या काठाला लागतो तिथे कोलाड येते. हल्ली कोलाड म्हटले की शहरी माणसाला रबरी होडी आणि फेसाळणारे पाणी आठवते. ते पाणी मूळचे मुळशीचे. टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून ते खाली सुटते, डोलवहाळच्या बंधाऱ्याला अडते आणि कालव्यांनी खाचरांत शिरते. त्यामुळे रोहे तालुक्याच्या या पट्ट्यात पावसाळी भाताबरोबर उन्हाळी भातही उभे राहते, आणि जिथे वर्षातून दोनदा दाणा भरतो तिथे रानडुकरांची पंगतही दोनदा बसते. पिकाची राखण हा इथला जुना उद्योग: माळा, मशाल, पत्र्याचे डबे, गोफण, आणि ज्याच्या घरी परवाना असेल त्याच्याकडे ठासणीची बंदूक. नळीत आधी दारू, मग चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा, वर छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी निपलवर टोपी; एवढे सोपस्कार होऊन बार निघेपर्यंत डुक्कर तिसऱ्या बांधापलीकडे पोचलेले. या बंदुकीचा खरा उपयोग तिच्या आवाजात आहे. तरीही गेली जवळजवळ दीडशे वर्षे ही बंदूक माळ्यावरून पोलीस ठाण्यात आणि ठाण्यातून माळ्यावर अशी येरझारा घालत आली आहे. तिला ठाण्यात नेणारे हुकूम निघतात ते कोणाच्या तरी वागण्यावरून, बोलण्यावरून किंवा नुसत्या संशयावरून. त्या हुकमामागचे कारण लिहिले जाते का, आणि लिहिलेले कारण बंदूकवाल्याच्या हातात पडते का, या दोन प्रश्नांत या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे.

सुरुवात १८७८ ची. व्हाइसरॉय लिटनच्या अमदानीत त्या वर्षीचा अकरावा कायदा म्हणून शस्त्रकायदा आला. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे झालेच होते, १८६० चा त्यातला मोठा. पण १८७८ च्या कायद्याने परवान्याची चौकट कायमची बसवली. युरोपियनांना सूट आणि एतद्देशीयांना परवाना, ही त्याची बदनाम बाजू सगळ्यांना माहीत आहे. या भागाला या कायद्याची धग लगेचच जाणवण्याचे कारणही घडले. वासुदेव बळवंत फडके शिरढोणचे, म्हणजे पळस्प्याच्या अगदी शेजारचे. त्यांच्या बंडातल्या दौलतराव नाईकाच्या टोळीने मे १८७९ मध्ये घाट उतरून पळस्पे आणि चिखली इथे दरोडे घातले आणि परतीच्या वाटेवर दौलतराव मारला गेला. कायदा लागू होऊन वर्षही उलटले नव्हते. सरकारच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष सोपा होता: या मुलखात बंदूक कोणाकडे आहे हे कळलेच पाहिजे. गावकऱ्याच्या दृष्टीने निष्कर्ष उलटा होता: दरोडेखोर परवाना मागायला येत नाही, आणि ज्याने मागितला तोच सापडतो. दोन्ही बाजू आजही तशाच आहेत, फक्त घोडे जाऊन मोटारी आल्या.

या कायद्याचे आपल्याकडचे वर्णन बहुधा त्याच्या वर्णभेदापाशी थांबते. मूळ कलमे वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. अठराव्या कलमात परवाना रद्द किंवा स्थगित करण्याच्या दोन निराळ्या वाटा होत्या. एक वाट नावानिशी: सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली तर परवाना देणारा अधिकारी किंवा जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट एखाद्याचा परवाना काढून घेऊ शकत होता, मात्र कारणे लेखी नोंदवून. दुसरी वाट सरसकट: प्रांतिक सरकार एक अधिसूचना काढून संपूर्ण मुलखातले किंवा त्यातल्या एखाद्या भागातले सगळे परवाने एका फटक्यात रद्द करू शकत होते. पंचविसावे कलम आणखी पुढे जाई. एखाद्या माणसाच्या हाती शस्त्र राहू देणे शांततेला धोक्याचे आहे असे मॅजिस्ट्रेटला वाटले, तर आधी आपल्या समजुतीची कारणे लिहून मग त्याने झडती घ्यावी आणि शस्त्र ताब्यात घ्यावे, परवाना असला तरी. परक्या राजाचा, जेत्याच्या भीतीतून जन्मलेला कायदा, आणि त्यातही साहेबाला कारण लिहावे लागत होते! पण ते कारण जायचे कुठे? साहेबाच्या टेबलाच्या खणात. बंदूकवाल्याला त्याची प्रत मिळण्याची तरतूद नव्हती, आणि त्यावर दाद मागावी असा आजच्यासारखा अपिलाचा मार्गही कायद्याने आखून दिलेला नव्हता. कारण लिहिणे ही सरकारची स्वतःशी बोलण्याची रीत होती. साहेबाने वरच्या साहेबाला जाब द्यावा एवढाच त्याचा हेतू; रयतेला जाब द्यावा हा विचार त्यात नव्हता.

गावपातळीवर तर कारण लिहिले जाण्याच्या आधीच निकाल लागत असे. मुंबई इलाख्याचा ग्रामपोलीस कायदा १८६७ चा. त्याने गावाच्या शांततेची जबाबदारी पाटलावर टाकली आणि गावातल्या बारीकसारीक हालचालींची खबर तालुक्याला पोचवण्याचे काम त्याला दिले. कोणाकडे बंदूक आहे, कोण कोणाशी भांडला, बांधावर कोण काय बोलला, हे तालुक्याला कळणार पाटलाच्या तोंडून. पाटील आणि बंदूकवाला यांचे बरे असेल तर बोलणे बांधावरच विरले. वैर असेल तर तेच बोलणे ‘शांततेस धोका’ झाले. म्हणजे कारण साहेबाच्या खणात आणि पुरावा पाटलाच्या जिभेवर. १९६७ मध्ये महाराष्ट्राने नवा ग्रामपोलीस कायदा केला, पाटीलकी वंशपरंपरेने जाण्याचे दिवस संपले, पण ठाण्यातला अंमलदार आजही गावाविषयी पहिला प्रश्न पोलीस पाटलालाच विचारतो. त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा त्याचे उत्तर हाच सगळा तपास ठरतो.

राष्ट्रीय चळवळीने या कायद्यावर जो रोष धरला तो स्वाभिमानाच्या भाषेत होता. काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून तो बदलण्याची मागणी केली. १९३० मध्ये गांधींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, मात्र त्यावर लोकांचे नियंत्रण असावे, ही एक होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ही मागणी करावी याचे अनेकांना आजही नवल वाटते. १९३१ च्या कराची ठरावाने तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच घातला. घटना समितीत १९४८ साली ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. माझ्या मते ते योग्यच झाले. फाळणीच्या रक्ताने भिजलेल्या देशात शस्त्राचा मूलभूत हक्क देणे शहाणपणाचे नव्हते, आणि अमेरिकेचा अनुभव पाहता आज तर तसे मुळीच म्हणवत नाही. पण त्या नकाराचा एक चुकीचा अर्थ सरकारी कचेऱ्यांनी लावला. हक्क नाही, म्हणजे परवाना ही मेहेरबानी. आणि मेहेरबानी देताना जसे कारण लागत नाही तसे काढून घेतानाही लागत नाही.

१९५९ च्या शस्त्रकायद्याने नेमके हेच नाकारले होते. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. जुना कायदा अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता आणि कायदा पाळणाऱ्या नागरिकाला आता सवलतीने वागवावे, अशा आशयाची कबुली विधेयकाच्या उद्देशांतच होती. कोलाडच्या शेतकऱ्यासाठी त्यात एक खास जागा आहे. तेराव्या कलमात प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख जातिनिशी आला आहे. अशा अर्जावर परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता यावी, असे ते कलम सांगते. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना माळ्यावर जागणारा माणूस आठवला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण खरा बदल सतराव्या आणि अठराव्या कलमांत आहे. परवाना स्थगित किंवा रद्द करताना अधिकाऱ्याने कारणे लिहावीत, परवानाधारकाने मागितली तर त्यांचा थोडक्यात गोषवारा त्याला द्यावा, आणि त्या हुकमावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता यावे, त्यात त्याचे म्हणणे ऐकले जावे. ऐंशी वर्षे खणात पडून असलेले कारण कायद्याने बाहेर काढून बंदूकवाल्याच्या हातात ठेवले. सार्वजनिक हिताच्या नावाखाली गोषवारा नाकारण्याची एक फट ठेवली, ती खरी. सरसकट वाटही पूर्ण बुजवली नाही, फक्त तिची किल्ली प्रांतिक सरकारकडून काढून केंद्र सरकारकडे दिली. अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्याला या कायद्याखाली ‘जिल्ह्यातल्या सगळ्यांनी बंदुका जमा करा’ असे म्हणता येत नाही. त्याला प्रत्येकाचे नाव घ्यावे लागते.

आणि तरीही दर निवडणुकीला जिल्ह्याजिल्ह्यांत नेमके तेच म्हटले गेले. शस्त्रकायदा सरसकट हुकूम देऊ देत नाही म्हटल्यावर कचेऱ्यांनी फौजदारी संहितेचे १४४ वे कलम हाताशी घेतले. जमावबंदीचे म्हणून ओळखले जाणारे हे कलम तातडीच्या प्रसंगांसाठी होते, त्याचा हुकूम साधारण दोन महिने टिके, आणि निवडणुकीची आचारसंहिताही जवळपास तेवढीच चालते. मग ठाण्यातून निरोप सुटायचा: परवान्याची बंदूक आणून जमा करा. मुद्देमाल ठेवायच्या खोलीत भिंतीला टेकवून बंदुकांची रांग लागायची, प्रत्येकीच्या दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर परवाना क्रमांक, कोकणच्या दमट हवेत नळीला गंज चढू लागलेला. दारूच्या दुकानाला निवडणुकीत टाळे तसे बंदुकीलाही, इतके ते लोकांच्या अंगवळणी पडले. नोटीस कोणाच्या नावाने, कारण काय, विचारायचे कशाला? कायदा १९५९ चा, रीत मात्र १८७८ ची, आणि तीही त्यातल्या सरसकट वाटेची. या रिवाजाने कोणाला शिक्षा झाली असे कोणी म्हणत नव्हते, म्हणूनच तो इतकी वर्षे निर्धास्त चालला.

त्या रिवाजाची किंमत शेतात मोजावी लागते. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला झाले, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. आचारसंहिता त्याच्या आधी महिनाभर लागते. कोकणातल्या भाताचे वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहावे. नवरात्राच्या आगेमागे हळव्या भाताच्या लोंब्या वाकतात, दिवाळीपर्यंत गरवे तयार होते, आणि रानडुकरे खाचरात उतरतात ती दाणा भरायला लागल्यापासून कापणी होईपर्यंत. लोकसभेचे मतदान एप्रिल-मेमध्ये असते. कोलाडच्या कालव्यावरचे उन्हाळी भात त्याच वेळी पिकायला आलेले असते. म्हणजे कायद्याने बंदूक दिली ती पिकासाठी आणि रिवाजाने ती काढून घेतली ती नेमकी पिकाच्या दिवसांत. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात माकडांनी आणि डुकरांनी वैतागलेले बागायतदार दर निवडणुकीला हीच तक्रार करतात. मतदारयादी आणि डुकरांची यादी वेगळी आहे, एवढेच त्यांचे म्हणणे.

२००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला आणि न्यायालयाने जी दिशा दिली ती साधी होती: सगळ्यांना एका दोरीत बांधू नका, प्रत्येक परवाना निराळा तपासा. त्यानंतर निवडणूक आयोगाने १ सप्टेंबर २००९ ला देशभरासाठी सूचना काढल्या. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती बसावी. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी आणि विशेषतः निवडणुकीच्या काळात दंगलीत सामील झालेले, अशांच्या परवान्यांचा आढावा घ्यावा. ज्याचे शस्त्र जमा करायचे त्याला त्याच्या नावाने नोटीस द्यावी, पावती द्यावी, आणि निकालानंतर आठवडा उलटताच शस्त्र परत करावे. कराचीपासून सुरू झालेला वाद अखेर पावतीपर्यंत आला, हे मला मोठेच यश वाटते. मात्र रिवाज एका पत्राने मरत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर अलाहाबाद उच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावे लागले. समिती बसते, पण तिच्यापुढे आलेली यादी ठाण्यात आधीच तयार असते आणि त्यात शेतीसंरक्षणाचा परवाना आहे की कमरेला लावायच्या पिस्तुलाचा, हा भेद हरवलेला असतो.

आता धमकीकडे वळतो, कारण सरसकट जमा करण्याच्या रिवाजाचा खरा बचाव तिथे केला जातो. निवडणुकीत, जमिनीच्या वादात, भाऊबंदकीत माणसे ‘गोळी घालीन’ म्हणतात, आणि घरात बंदूक असेल तर ते नुसते शब्द राहत नाहीत. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न एवढाच की अशा माणसाची बंदूक घ्यायला कायदा कमी पडतो का. फौजदारी परिशिष्टाप्रमाणे धमकी हा अदखलपात्र गुन्हा, ठाण्यात एन.सी. नोंदली जाते, तक्रारदाराच्या हातात कागद पडतो आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. बहुतेकांची समजूत इथेच थांबते आणि पोलीसही बरेचदा ती तशीच राहू देतात. पण पुढचे दरवाजे उघडे आहेत. शांतता राखण्याच्या हमीसाठी चॅप्टर केस करता येते. पूर्वी ते १०७ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६ वे. तालुक्यातल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे त्या माणसाला बोलावले जाते, त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि वाटले तर एक वर्षापर्यंतचा बंधपत्राचा हुकूम होतो. शस्त्रकायद्याचे नववे कलम इथे येऊन मिळते आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते: असा बंधपत्राचा हुकूम झालेल्या माणसाला त्या मुदतीत शस्त्र बाळगताच येत नाही. परवाना रद्द करण्याचीही वाट पाहावी लागत नाही. त्याने ती बंदूक जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, बस. धमकीपासून बंदुकीपर्यंतचा इतका सरळ रस्ता असताना १४४ च्या आडरानात शिरायचे कारण काय?

तातडीचे काय, असे कोणी विचारेल, आणि हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. धमकी आज दिली, चॅप्टर केसची तारीख पंधरा दिवसांनी, कारणे दाखवा नोटिशीला उत्तराची मुदत आणखी दहा दिवस, आणि बंदूक आज रात्री भिंतीवर टांगलेली. हा आक्षेप घेणारे लोक बाविसावे कलम विसरतात. ते १८७८ च्या पंचविसाव्याचेच वंशज आहे. मॅजिस्ट्रेटने आपल्या समजुतीची कारणे लिहून ठेवायची, मग झडतीचा हुकूम द्यायचा, आणि परवाना असूनही शस्त्र ताब्यात घ्यायचे. झडती त्याच्या किंवा खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या समक्ष झाली पाहिजे. आधी घ्या, मग ऐका, असा हा मार्ग आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९९९ मध्ये आणि पार्कलँडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर फ्लोरिडाने २०१८ मध्ये धोकादायक माणसाची बंदूक तात्पुरती काढून घेणारे कायदे केले, तेव्हा मोठे नावीन्य म्हणून त्यांची चर्चा झाली. आपल्याकडे त्याचा सांगाडा १८७८ पासूनच होता. फरक एकाच जागी आहे, पण तो फार मोठा आहे. कनेक्टिकटमध्ये बंदूक घेतल्यापासून चौदा दिवसांत न्यायालयापुढे सुनावणी व्हावी लागते. आपल्या बाविसाव्या कलमात शस्त्र किती काळ ठेवायचे, तर मॅजिस्ट्रेटला आवश्यक वाटेल तितका काळ. म्हणजे तातडीची सोय जुन्या साहेबाने करून ठेवली, सुनावणीची तारीख मात्र स्वतंत्र भारतानेही त्यात घातली नाही. दुरुस्ती करायची असेल तर ती इथे करावी. बंदूक त्याच रात्री घ्या. आणि अमुक दिवसांत त्या माणसाला समोर बसवून कारण वाचून दाखवा.

दुसरा आक्षेप मेहेरबानीचा, तो वर येऊन गेला. त्याला न्यायालयांनी दिलेले उत्तर पन्नास वर्षांहून जुने आहे. १९७२ मध्ये मसीउद्दीन या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितले की परवानाधारकाचे कोणाशी वैर आहे एवढ्यावरून सार्वजनिक शांततेला धोका सिद्ध होत नाही. यात अधिकाऱ्याचे हात बांधलेले नाहीत. त्याने फक्त सांधा दाखवायचा आहे. हा माणूस असे बोलला, अमक्याला बोलला, या बंदुकीच्या जोरावर बोलला, आधीही असेच केले होते, म्हणून. ‘शांततेस धोका’ हे दोन शब्द म्हणजे कारण नव्हे. ते निष्कर्षाचे शब्द आहेत, आणि कचेरीतल्या छापील नमुन्यात ते आधीपासूनच छापून तयार असतात.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: ठाण्यात माणसे कमी, निवडणुकीत तर अजिबात नाहीत, एकेक परवाना कोण तपासणार? हा ऐकताना सहानुभूती वाटते, पण महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. ज्या शस्त्रांनी गेल्या काही वर्षांत राज्याला हादरे दिले ती माळ्यावरची ठासणीची बंदूक नव्हती. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्याच्या आत, पोलीस अधिकाऱ्याच्या दालनात, गोळ्या सुटल्या. आरोप तेव्हाच्या आमदारावर. मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादात पिस्तूल दाखवून शेतकऱ्यांना धमकावल्याचा प्रकार २०२३ चा. चित्रफीत सगळीकडे फिरली ती जुलै २०२४ मध्ये, आणि परवाना का रद्द करू नये ही नोटीस निघाली तीही त्यानंतरच. त्या प्रकरणातली आरोपी पकडली गेली ती महाडजवळ, कोलाडच्याच महामार्गावर पुढे. मुळशीचे पाणी कुंडलिकेत येते, मुळशीचे भांडणही याच रस्त्याने यावे! बीडमध्ये मस्साजोगच्या सरपंचाची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली, त्यानंतर जिल्ह्यात बाराशेंच्या वर शस्त्रपरवाने असल्याचे बाहेर आले आणि गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने आहेत हे प्रशासनाला दिसू लागले. या सगळ्या ठिकाणी निवडणुका येऊन गेल्या होत्या, सरसकट जमा करण्याचा रिवाज पाळला गेला असो वा नसो. रिवाजाने काय साधले? जो हुकूम सगळ्यांना सारखा लागू होतो तो अधिकाऱ्याला कोणा एकाकडे बघू देत नाही. ठाणे अंमलदाराचा दिवस शंभर बंदुका मोजून घेण्यात जातो आणि ज्या एकाचे नाव त्याला पाठ असायला हवे ते त्याच रांगेत दडून बसते. निवडणूक संपली की त्यालाही त्याची बंदूक सगळ्यांबरोबर परत मिळते, सन्मानाने.

रागाच्या भरातल्या बोलण्यावर बंदूक घेणे अन्यायाचे नाही का, असे उलट बाजूनेही विचारले जाते. कोकणातल्या भाऊबंदकीची भाषा तिखट असते, बांधावरच्या भांडणात माणूस जे बोलतो त्यातले निम्मे संध्याकाळी आठवत नाही, हे खरे. पण ऐकणाऱ्याला ते आठवते. धमकी खरी होती की रागाची, हे ठरवायचेच तर त्यासाठी कोणीतरी दोघांना बोलवायला हवे, पोलीस पाटलाला विचारायला हवे, आधीच्या एन.सी. उघडून पाहायला हव्यात. नावानिशी हुकमाचा आग्रह धरणारा माणूस बंदूकवाल्याची बाजू घेतो असे समजले जाते. ज्याला धमकी मिळाली त्याचीही तीच बाजू आहे. लेखी कारण नसेल तर बंदूकवाला म्हणतो की विरोधकाने राजकारण केले, आणि तक्रारदाराला कळत नाही की त्याचे कोणी ऐकले की नाही. अपिलात विभागीय आयुक्तापुढे प्रकरण गेले की कारणाविना काढलेला हुकूम टिकत नाही, आणि मग ज्याची बंदूक खरोखर घ्यायला हवी होती तोही वाजतगाजत तिच्यासह घरी येतो. कारण न लिहिण्याचा फायदा शेवटी धमकी देणाऱ्यालाच होतो, हे ठाण्यांच्या लक्षात अजून पुरेसे आलेले नाही.

२०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. आयोगाच्या सूचनेप्रमाणे आठवडा धरला तर जमा झालेली बंदूक घरी यायची ती ३० नोव्हेंबरच्या पुढे. तोपर्यंत कोलाडच्या खाचरातले भात झोडून झालेले असते, पेंढा माचावर रचलेला असतो आणि वालाची पेरणी सुरू झालेली असते. ज्याच्या हातात त्याच्या नावाची नोटीस आहे त्याला निदान राखणीच्या त्या रात्रींचा जाब कोणाला विचारायचा ते कागदावर दिसते. बाकीच्यांकडे सुतळी बांधलेली एक चिठ्ठी असते, तिच्यावर फक्त परवाना क्रमांक.